आबांनी वाटी खाली ठेवली

जळगावच्या बस स्टँडजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं असं सांगितलं, की अजूनही काही जण माझ्याकडे मटक्याचा अड्डा चालवल्यासारखं बघतात. बघोत बापडे. मी तीन मशिनं चालवली, चोख चालवली आणि दुकानात कधी शिवी ऐकून घेतली नाही. बाकी जग काय म्हणतं त्याची काळजी करायला मला तेव्हाही वेळ नव्हता.

मी मूळचा धुळ्याचा. तिथे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं काम शिकलो. लग्नानंतर जळगावला पिंप्राळ्यात बिऱ्हाड केलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईहून तीन जुनी मशिनं ट्रकमधून आणली. लाकडी खोका, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, खाली एक हिरवा बोर्ड, बाहेर एक दांडा आणि चार बटणं. मशीन म्हणजे एवढंच. बाहेरच्याला वाटायचं, हा माणूस काउंटरवर बसून टोकन देतो, झालं याचं काम. अहो, आमच्या खानदेशातली धूळ आणि वैशाखातलं ऊन त्या बोर्डाला सोसायचं नाही. दर चार दिवसांनी बोर्ड बाहेर काढायचा, त्याच्या कडेच्या पितळी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासायच्या, फुंकर मारायची आणि देवाचं नाव घेऊन परत बसवायचा. खोडरबराने अर्धी दुखणी बरी व्हायची. हे गुपित मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

तर या तीन मशिनांतलं मधलं मशीन गाजलं. त्या खेळाचं खरं नाव मला आजही माहीत नाही, कारण नावाच्या पाटीवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता यायची नाहीत. एक पोरगेला पैलवान एका किल्ल्यात शिरतो, दालनामागून दालनं पार करतो. प्रत्येक दालनात कुणी ना कुणी आडवा येतो. कुणी साखळी फिरवतो, कुणी उड्या मारतो, कुणी दात विचकून ओरडतो. सगळ्यांना लोळवत शेवटच्या दालनात गेलात, की तिथे एक म्हातारा चटईवर बसलेला असतो. पांढऱ्या मिशा, अंगावर साधा अंगरखा, हातात वाटी. तो वाटीतलं काहीतरी पीत असतो. तुमच्याकडे एकदा मान वर करून बघतो आणि परत पितो.

मग तो वाटी खाली ठेवतो. हळूच, सांडू नये अशी. मिशा पुसतो, उठतो, दोन पावलं पुढे येतो आणि एकाच फटक्यात तुम्हाला आडवं करतो. त्यानंतर तो हसत नाही, ओरडत नाही, छाती पिटत नाही. परत जाऊन बसतो आणि वाटी उचलतो.

माझ्या दुकानात धडधाकट पुरुष त्या वाटीला घाबरायचे. शिंदखेड्याचे नामदेवभाऊ एसटीवर ड्रायव्हर होते, बोलणं पक्कं अहिराणी. गाडी जळगावला तासभर थांबली की ते माझ्याकडे यायचे. पहिल्यांदा त्या दालनात पोचले तेव्हा दांडा सोडून मागे सरले आणि म्हणाले, "हाऊ ते आमना आबा शे!"

झालं. त्या दिवसापासून तो म्हातारा आबा झाला. आणि आबा म्हटल्यावर त्याला अरेतुरे कोण करणार? साखळीवाल्याला लोक काय वाटेल ते बोलायचे, पण शेवटच्या दालनात गेले की भाषाच बदलायची. "आबा उठले." "आबांनी वाटी ठेवली." "आज आबा जरा लवकर उठनात." नामदेवभाऊ त्या दालनाच्या आधी तोंडातली तंबाखू थुंकून यायचे. मी विचारलं, "कशाला हो?" तर म्हणाले, "आबासमोर बरं दिसत नही." मी हसलो, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा मशीन पुसताना आबा पडद्यावर असले तर फडकं तोंडावरून मारायचो नाही, बाजूने मारायचो.

एकदा भर उन्हाळ्यात गंमत झाली. नामदेवभाऊ शेवटच्या दालनात पोचले. आबांनी वाटी ओठाला लावली आणि तशीच धरून ठेवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागे सातआठ जण श्वास रोखून उभे. कुणीतरी खोकलं तर नामदेवभाऊ मागे न बघता म्हणाले, "बठ्ठा गप बसा. आबा इचार करी राहिनात." मी स्वतः काउंटर सोडून येऊन उभा राहिलो. चांगली पाच मिनिटं आम्ही सगळे आबांच्या विचारात व्यत्यय न आणता उभे होतो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मागचा पंखा बंद आहे, बोर्ड तापलाय आणि मशीन अडकलंय. मी, टीव्हीचा मेकॅनिक, आणि मला पाच मिनिटं कळलं नाही! माणूस गप्प राहिला की आपण त्याच्या वतीने काय काय कल्पून घेतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी नुसता हसलो आणि पंखा बदलला.

पुढे मी मुंबईहून दुसरा बोर्ड आणला. त्यातला शेवटचा राक्षस दोन डोक्यांचा. आग ओकायचा, गडगडाटी हसायचा, जमीन हादरवायचा. पहिला आठवडाभर झुंबड उडाली. तिसऱ्या आठवड्यात नामदेवभाऊंनी निकाल दिला, "हाऊ नुसता बोंबलस." गिऱ्हाईक परत वाटीवाल्या आबांकडे गेलं. मी या धंद्यात जे काही शिकलो त्यातलं हे एक. ओरडणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळतं, मग तो कितीही मोठा असो, त्याची सवय होते. गप्प माणसाच्या मनात काय आहे ते आपण घरी जाताना रस्ताभर शोधत बसतो. आणि आबांचा तुमच्यावर राग नव्हता, हे तर फारच झोंबायचं. तुम्हाला पाडून ते वाटीकडे वळायचे, तेव्हा वाटायचं, आपली दखलसुद्धा घेतली नाही.

आता मधूची गोष्ट सांगतो. एवढं सगळं लिहिलं ते त्याच्यासाठीच.

मधुकर सावद्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला धाकटा मुलगा. तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा असेल. बी.एस्सी., बी.एड. करून शेतात राबत होता. माझ्या शेजारी मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की मधू ती घेऊन यायचा आणि तार भरून होईपर्यंत माझ्याकडे थांबायचा. गणितात हुशार. साखळीवाला कितव्या फेरीला चुकतो हे तो मोजून सांगायचा. पण आबांसमोर उभा राहिला की त्याचे हात गळायचे. एकदा म्हणाला, "भाऊ, हे अगदी आमच्या आबांसारखे बसतात हो. आमचेही आबा असेच चहा पितात आणि असेच बघतात. घरात त्यांचा आवाज मी महिन्यातून दोनदा ऐकत असेन."

पडद्यावरच्या आबांसमोर जिंकायची युक्ती मला ठाऊक होती, दुकानदार होतो ना मी! धावून गेलात की मार खाल्लाच. दालनात शिरायचं आणि दांडा सोडून द्यायचा. हलायचंच नाही. दहा-बारा आकडे मोजेपर्यंत आबा वाट बघतात, मग आपणहून उठून पुढे येतात, आणि तेव्हा त्यांची डावी बाजू उघडी पडते. मी मधूला सांगितलं, "शांत माणसासमोर आपण आधी हलायचं नाही. त्यांना उठू दे." मधूने तसं केलं आणि त्या दुपारी तो पहिल्यांदा जिंकला. नामदेवभाऊंनी त्याला चहा पाजला. मला तर गुरू झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी मधूला नेमणुकीचं पत्र आलं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक. पंधरा दिवसांत संस्थेच्या धुळ्याच्या कार्यालयात हजर व्हायचं होतं. त्याला वर्गात उभं राहून शिकवायचं होतं, लहानपणापासून त्याला तेवढंच करायचं होतं. पत्र पोस्टमनने मधूच्या आबांच्या हातात दिलं. आबांनी ते थोरल्या मुलाकडून वाचून घेतलं आणि संध्याकाळी मधूच्या ताटाशेजारी ठेवलं. बोलले काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधू माझ्याकडे आला. मी विचारलं, "मग? विचारलंस का त्यांना?"

"नाही. ते काहीच बोलले नाहीत."

"नको म्हणाले का?"

"नको असंही म्हणाले नाहीत. तुम्ही सांगितलं तसंच करतोय, भाऊ. आपण आधी हलायचं नाही."

मी काय म्हणालो असेन? मी मान डोलावली. वर म्हणालो, "बरोबर आहे, उतावीळ होऊ नकोस." खेळातल्या म्हाताऱ्याची युक्ती मी जित्याजागत्या बापासाठी चालवून दिली. आजही हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

पुढचे पंधरा दिवस मोटर जळाली नाही, म्हणून मधू आला नाही. मी विसरूनही गेलो. आणि मग एका दुपारी तो दारात उभा दिसला, चेहरा उतरलेला. त्याच्या मागे धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री आणि पांढऱ्या मिशा असलेले गृहस्थ आत आले. दोन पोरं दांडा सोडून भिंतीला टेकली. नामदेवभाऊ त्या वेळी मधल्या मशिनवर शेवटच्या दालनात होते. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बाजूला झाले.

मधूचे आबा पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. वाटीवाला म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हा कोन?"

नामदेवभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "आबा शेतस."

"कोनाचे?"

नामदेवभाऊंना बसची वेळ आठवली आणि ते निघून गेले.

आबा माझ्याकडे वळले. "तुमी याले काय शिकवलं?"

मी सगळं सांगितलं. हलायचं नाही, समोरच्याला आधी उठू द्यायचं, सगळं. हजर व्हायची तारीख आदल्या दिवशीच उलटून गेली होती, हे मधूने मला तेव्हा सांगितलं. पंधरा दिवस दोघं एका घरात जेवले, एका बांधावर काम केलं आणि दोघंही वाट बघत राहिले. तारीख उलटल्यावर थोरल्या भावाने विचारलं, तेव्हा कुठे हे बाहेर आलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी याची वाट पाहत होतो. हा माही पाहत होता." छत्री सावरत म्हणाले, "तुमी धुयाचे ना? हापिस दाखवाले येता का?"

मी दुकानाला कुलूप लावलं. भर दुपारी कुलूप लावायची ती पहिलीच वेळ. धुळ्याच्या गाडीत आबा खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी, मधू मागे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आबा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे ओठ मात्र हलत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललं असेल.

संस्थेचं कार्यालय एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. सचिव म्हणून जे गृहस्थ बसले होते त्यांनी मधूचं पत्र पाहिलं आणि हात झटकले. "मुदत संपली. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला कळवायला घेतलंय. काही होणार नाही." मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, एवढ्यात आबा टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

ते बोलले नाहीत. नुसते उभे राहिले, छत्रीवर दोन्ही हात ठेवून. सचिव म्हणाले, "आजोबा, बसा ना." आबा बसले नाहीत. सचिवांनी कागद खालीवर केले. मग नियम समजावून सांगितला. मग तोच नियम दुसऱ्यांदा सांगितला, जरा मऊ आवाजात. मग शिपायाला पाणी आणायला सांगितलं. आबा त्यांच्याकडे तसेच बघत होते. मी माझ्या दुकानात कितीतरी जणांना असं घामाघूम होताना पाहिलं होतं, त्यामुळे मला पुढचं कळत होतं.

शेवटी सचिव म्हणाले, "बरं, पुढचं पत्र अजून टपालात गेलेलं नाही. अर्ज द्या. उशीर का झाला ते लिहा. आजारी होतो असं लिहा, म्हणजे मला सही करता येईल."

मधूने कागद घेतला. तेवढ्यात आबा बोलले.

"आजारी नव्हता तो. मी बोललो नही, म्हनून उशीर झाला."

मधू बापाकडे बघतच राहिला. सचिवांनी पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. "घरगुती कारण असं लिहा," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मधू फॉर्म भरायला थांबला. आबा आणि मी खाली येऊन लिंबाखालच्या बाकावर बसलो. शेजारच्या टपरीवरून मी त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास आणला. त्यांनी तो घेतला आणि अर्धं पाणी धोतरावर सांडलं. हात इतके थरथरत होते, की ग्लास मला धरावा लागला. मी विचारलं, "आबा, बरं वाटत नाही का? डॉक्टर बघू?"

"काही झालं नही," ते म्हणाले. "मले बोलाचं भेव वाटते, भाऊ. लहानपनापासूनच. गाडीत सारा येळ तेवढंच एक पाठ करत होतो. बसलो असतो त उठता आलं नसतं, म्हनून उभा राह्यलो."

मी म्हटलं, "पण घरी तर सगळे तुम्हाला घाबरतात."

"हो ना. मी गप राह्यलो, लोक भ्यायले लागले. मंग मले सोपं पडलं." मधू जिन्यातून उतरताना दिसला तसा त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला, हात छत्रीवर ठेवले आणि पाठ ताठ केली. "पोराले सांगू नका," म्हणाले.

मी नाही सांगितलं. मधू नोकरीला लागला, चांगला शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक झाला. माझं दुकान घराघरांत खेळ आल्यावर बंद पडलं, मी परत टीव्ही उघडायला लागलो. पण मधूचं येणंजाणं राहिलं. दर वेळी तो त्या कार्यालयाची गोष्ट सांगायचा. आबा कसे उभे राहिले, सचिवाला कसा घाम फुटला. आबा वारले तेव्हा तेराव्याला तो चारचौघांत उभं राहून म्हणाला, "आमचे आबा जन्मात कुणाला घाबरले नाहीत." मी पाटावर खाली मान घालून बसलो होतो. शब्द दिला होता, आणि गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा कसा, असा विचार करून मी परत गप्प राहिलो. ही माझी दुसरी चूक.

यंदा उन्हाळ्यात मधूची मुलगी माझ्याकडे आली. जळगावला हॉस्टेलवर राहून शिकते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काका, मला कोर्स बदलायचाय. फॉर्मची मुदत डिसेंबरपर्यंत आहे. पप्पांना कसं सांगू? ते काही बोलतच नाहीत. पेपर खाली ठेवतात, बघतात आणि परत पेपर वाचतात. ते आधी काही बोलले तर मी बोलेन." मी तिला म्हटलं, तू उद्याच जा आणि बोल. ती हो म्हणाली, पण तिचा चेहरा मला ओळखीचा होता. ती जाणार नाही हे मला कळलं.

मधूच्या शाळेच्या वाचनालयात हा दिवाळी अंक दर वर्षी जातो आणि मधू तो पहिल्या पानापासून वाचतो, हे मला माहीत आहे. त्याला तोंडावर सांगायचा धीर मलाही होत नाही, म्हणून संपादकांनी धंद्यातल्या आठवणी लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. आबांना दिलेला शब्द मी इथे मोडतो आहे, त्याचा दोष माझ्या माथी. मधू, त्या दिवशी लिंबाखाली आबांना पाण्याचा ग्लास धरवत नव्हता. ते घाबरले होते रे. तूही घाबरत असशील तर घाबर, पण पोरीची वाट बघू नकोस. आधी तू बोल.